आता बोलायची पाळी बाळाची

मुलगा दोन वर्षांचा झाला. 'मम्मी', 'पप्पा', 'भूभू' धरून मोजून सात-आठ शब्द. मोबाईल लावल्याशिवाय घास घेत नाही. सासूबाई म्हणतात, त्याचे पप्पाही उशिराच बोलले. वाट बघू का? — एक आई, कसबा बावडा

वाट बघू नका. या वयात साधारण ५० शब्द आणि 'पप्पा गेले', 'दुदू दे' अशा जोड्या ऐकू यायला हव्यात. काही मुलं मागाहून भराभर बोलतात हे खरं, पण आपलं मूल त्यांतलंच आहे का, हे घरात बसून कळत नाही. आधी कान तपासून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर आवाज पुसट येतो. तरी हाकेला मूल वळतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. मग स्पीच थेरपिस्टला दाखवा. येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर याच आठवड्यात जा.

मोबाईल जेवणातून काढाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर मोबाईल-टीव्हीचा पडदा नको. कार्टून मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. तुम्ही थांबू शकता, आणि माझा सगळा भर या थांबण्यावर आहे.

संध्याकाळी त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या, तिथे म्हशी समोरच पिळतात. 'हे काय? ते काय?' अशी परीक्षा घेऊ नका. 'म्हैस आली!' म्हणा आणि गप्प राहा, मनात पाच आकडे मोजा. तो 'मै' म्हणाला की 'हां, काळी म्हैस!' एवढीच भर घाला. घरी केळं आणि बिस्कीट दोन्ही हातांत धरून 'कुठलं देऊ?' विचारा आणि पुन्हा थांबा. पहिल्या दिवशी तो नुसतं बोट दाखवेल. तेही उत्तरच आहे, घ्या ते.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र. मोठी सगळी उत्तरं देतात, लहानगी गप्प. काय घेऊ? — एक सेविका, करवीर तालुका

ताई, चार-पाच जणांचे गट करा आणि बेंदराच्या सणाची मातीची बैलजोडी घ्या. खेळ एकच, काम वयाप्रमाणे. तीन वर्षांच्याला 'बैल पाटावर ठेव'. चार वर्षांच्याला दोन कामं जोडून: 'बैल पाटाखाली ठेव, मग वैरण घाल'. पाचच्या पुढच्यांनी बैल का रुसला ते सांगायचं. मग पाळी उलटा: मुलं हुकूम सोडतील, तुम्ही ऐका आणि मुद्दाम चुका. तुमची चूक दाखवायला गप्प बसणारंही तोंड उघडतं, हे मी कितीदा पाहिलंय. बडबडगीतात ओळीचा शेवटचा शब्द सोडा, तो लहानग्यांना भरू द्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. ऐकण्या-बोलण्याची शंका असलेल्या मुलांची नावं आधीच लिहून ठेवा.

नात साडेचार वर्षांची. 'कोल्हापूर'ला 'तोल्हापूर' म्हणते. पाहुणे मुद्दाम म्हणायला लावून हसतात. — आजोबा, राजारामपुरी

आजोबा, ते हसणं आधी थांबवा. अशी मुलं पुढे पाहुण्यांसमोर बोलायचंच टाळतात. 'क'च्या जागी 'त' लहानपणी बहुतेकांच्या तोंडी असतो, पण चारच्या सुमारास जायला हवा, म्हणून एकदा थेरपिस्टला दाखवा. 'र', 'ळ' मागाहून आले तरी चालतात.

घरी 'परत म्हण' नको. ती 'तोल्हापूर' म्हणाली की 'हो, कोल्हापूरला जायचंय' एवढं म्हणून पुढे चला. 'कार' आणि 'तार' अशी दोन चित्रं काढा. तुम्ही शब्द म्हणा, तिनं बोट ठेवायचं. कानाला फरक कळला की जिभेला वाट सापडणं सोपं जातं.

मुलगी इंग्लिश मीडियमला जाणार. घरी इंग्रजी बोलू का? — एक पप्पा, उचगाव

नको. तुम्ही ज्या भाषेत रागावता, लाड करता, तीच बोला, 'लई भारी'सकट. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. इंग्रजी तिला शाळेत मिळेल.