ख्रिस्ती नसलेल्यांना सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मदत मिळते का? (घरकाम करणाऱ्या मावशींसाठी, माहीम)

हो, मिळते, धर्माची अट नाही. मी गरजूंना मदत करणाऱ्या या कॅथलिक संस्थेच्या एका शाखेचा सदस्य आहे, म्हणून खात्रीने सांगतो. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने मित्रांसोबत ही संस्था सुरू केली, तेव्हापासून गरजूच्या घरी जाऊन भेटणं हाच तिचा पाया आहे. मावशींनी आपल्या भागातल्या चर्चच्या ऑफिसात नाव आणि पत्ता द्यावा. शक्यतो दोन सदस्य घरी येतात, निवांत बसून ऐकून घेतात आणि मग रेशन, औषधं, मुलांची फी यांपैकी काय जमेल ते ठरवतात. घरी कोणी येणार म्हणून मावशींनी अजिबात संकोच करू नये.

मात्र पैसा सदस्यांच्या आणि चर्चमधल्या वर्गणीचा, त्यामुळे मोठ्या ऑपरेशनचा खर्च शाखेला झेपत नाही. त्यासाठी धर्मादाय हॉस्पिटलातल्या राखीव खाटा मागा: 10 टक्के निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. हा हक्क आहे, उपकार नव्हे! रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.