शंका कुठे घ्यायची

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. दुबईच्या एअर शोमध्ये २१ नोव्हेंबर २०२५ ला तेजस कोसळलं, विंग कमांडर नमांश स्याल गेले, आणि तेव्हापासून तुला एकच प्रश्न छळतोय: हे विमान खऱ्या लढाईत कामी येईल का? घरी विचारलंस तर आबा रागावले म्हणे. अपशिंग्यात घरोघरी फौजेतला माणूस, ते रागावणारच. तरी मी तुझ्या बाजूनं आहे. जिला उद्या कॉकपिटमध्ये बसायचंय तिनं शंका घ्यायलाच हवी. फक्त ती नेमकी कुठे घ्यायची ते आज लिहितो.

एअर शोतला अपघात लढाऊ क्षमतेबद्दल फार थोडं सांगतो. त्याचं कारण चौकशीतून ठरतं, मोबाइलवरच्या व्हिडिओतून ठरत नाही. कमाल वेग, कमाल उंची हे छापील आकडेही तसेच. सोव्हिएत मिग-२५ ची पाश्चात्त्य देशांनी किती धास्ती घेतली होती! मग सप्टेंबर १९७६ मध्ये बेलेन्को नावाचा पायलट ते घेऊन जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. खोलून पाहिलं तर सांगाडा बराचसा पोलादाचा, रडारमध्ये जुन्या पद्धतीच्या व्हॅक्यूम ट्यूब. सरळ रेषेत वेग अफाट, पण वळणाच्या लढाईत ते जड होतं. लांबून पाहणाऱ्यांनीच त्याला अजिंक्य ठरवून टाकलं होतं.

यापेक्षा व्हिएतनामचं उदाहरण मला मोलाचं वाटतं, ते नीट वाच. अमेरिकेचं एफ-४ फँटम त्या काळातलं अव्वल विमान. क्षेपणास्त्रांचा जमाना आला म्हणून सुरुवातीच्या फँटममध्ये तोफच बसवली नव्हती. प्रत्यक्षात १९६५ ते १९६८ या काळात दहा क्षेपणास्त्रं सोडावी तेव्हा जेमतेम एक लागायचं. नौदलानं १९६८ मध्ये कारणं शोधली. पायलट क्षेपणास्त्र चुकीच्या अंतरावरून आणि चुकीच्या कोनातून सोडत होते, कारण तसा सराव त्यांना कुणी दिलाच नव्हता. शिवाय जहाजावरची हाताळणी, साठवण, तपासणी यांतही दोष होते. मी आयुष्यभर लाइनवर, म्हणजे जमिनीवर विमानं तयार करण्याचं, काम केलेला माणूस, म्हणून हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पायलट ट्रिगर दाबतो, पण ते क्षेपणास्त्र चालणार की नाही हे कित्येक दिवस आधी खाली जमिनीवर ठरलेलं असतं. नौदलानं मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला हवाई लढाईची शाळा काढली आणि पुढच्या टप्प्यात स्वतःचं एक विमान गमावताना शत्रूची किती पाडली, हे त्यांचं प्रमाण कित्येक पटींनी सुधारलं. अमेरिकी हवाई दलानं तोफ असलेलं फँटम आणलं, पण प्रशिक्षण आधी बदललं नाही, आणि त्यांचं प्रमाण तसं सुधारलं नाही. विमान तेच, शत्रू तोच.

आता आपल्याकडे ये. एचएफ-२४ मारुत हे आपल्याकडे घडवलेलं लढाऊ विमान १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालं. (त्याच महिन्यात, २३ तारखेला, आपल्या साताऱ्यात सैनिक स्कूल सुरू झालं.) जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी आखलेली विमानाची चौकट उत्तम होती, पण तिला साजेसं ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर मारुतनं जमिनीवरच्या लक्ष्यांवर चांगला मारा केला, मात्र ज्या वेगासाठी ते घडवलं होतं तो त्याच्या वाट्याला आला नाही. या कहाणीची मला अजूनही हळहळ वाटते.

म्हणून तेजसबद्दल माझी पहिली शंका इंजिनावर आहे. तेजसची सुधारित आवृत्ती म्हणजे मार्क-१ए; तशा ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. पहिली विमानं २०२४ च्या मार्चपर्यंत यायची होती, आली नाहीत. अमेरिकेकडून घ्यायच्या ९९ इंजिनांपैकी पहिलं मार्च २०२५ मध्ये मिळालं. तिकडे २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्तही झालं. जे विमान स्क्वॉड्रनमध्ये उभंच नाही, त्याच्या रडारची चर्चा करून काय उपयोग?

दुसरी शंका सर्व्हिसेबिलिटीची, म्हणजे विमानं उडायला तयार असण्याची. सकाळी फॉर्म ७०० (विमानाच्या देखभालीची नोंदवही) उघडल्यावर किती विमानं उडायला तयार आहेत, किती स्नॅगमुळे (बिघाडामुळे) अडकलीत, कुठला सुटा भाग यायचाय? अमेरिकेचं एवढं आधुनिक लढाऊ विमान एफ-३५, पण अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये लिहिलं की कुठल्याही वेळी त्यातली सुमारे ५५ टक्केच विमानं मोहिमेला तयार असतात. त्यांनी हे जाहीर छापलं, हे मला आवडलं. असे आकडे लपवणाऱ्या देशाचं विमान चांगलं आहे की वाईट, हे कुणीच सांगू शकत नाही.

तेजसनं आजवर युद्धात शत्रूचं विमान पाडलेलं नाही, हे खरं. पण युद्धातल्या आकड्यांबाबतही सावध राहा. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी दावे झाले आणि व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरली. आपलीही विमानं पडली हे सरसेनाध्यक्षांनी महिनाअखेरीस सिंगापूरमध्ये मान्य केलं, संख्या सांगितली नाही. ती का पडली आणि त्यानंतर डावपेच कसे बदलले, यावर त्यांनी भर दिला. मला तेच योग्य वाटतं. अवशेष, वैमानिक, शेपटीवरचा क्रमांक यांतलं काही हाती लागेपर्यंत कुणाचाही आकडा वहीत पक्का करू नकोस, आपल्या बाजूचा तर मुळीच नको.

एसएसबीच्या (सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) मुलाखतीत तेजसबद्दल विचारलंच, तर घोषणा देऊ नकोस आणि रडगाणंही गाऊ नकोस. मार्क-१ए मध्ये एईएसए रडार (अँटेना न फिरवता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं किरण वळवणारं) का घातलं, शत्रूचं रडार गोंधळवणारा जॅमर का लागतो, इंजिन बाहेरून घेण्यात धोका कुठला, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. यावर दोन पानं लिहून पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो. फिजिक्सचं कुठवर आलंय तेही कळव. आणि हे पत्र आबांना वाचून दाखव. त्यांचं काही म्हणणं असेल तर मला फोन करायला सांग.

तुझा,
काका