मूळ फोटो डायखाली घालू नका : कागदी भेटवस्तू आणि स्क्रॅपबुकविषयी प्रश्नोत्तरे

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की दिवाळी-नाताळच्या भेटवस्तूंची तयारी सुरू होते आणि माझ्याकडे प्रश्न येऊ लागतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात : डाय (कागदातून आकार कापणारा पोलादी साचा) नीट कापत नाही, कागद वाकतो, मशीन कोणते घेऊ, जुन्या फोटोंचे काय करू. म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरे देते आहे. आधी एक विनंती. मशीनला दोष देण्यापूर्वी कागद हातात घेऊन बघा. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेला कागद ओल धरतो आणि माझ्यापर्यंत आलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते.

प्रश्न : हाताने फिरवायचे डाय-कटिंग मशीन घ्यावे की कॉम्प्युटरला जोडायचे? दुकानदार शंभर डायचा सेट घ्या म्हणतो, स्वस्त पडेल म्हणे. (मडगाव)

काय बनवणार ते आधी ठरवा. सिझिक्सच्या बिग शॉटसारख्या हाताच्या मशीनला वीज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोन रुळांमधून प्लेट्स सरकतात आणि पोलादी डाय कागदात दाबली जाऊन आकार कापते. एकच फूल पन्नास पाकिटांवर लावायचे असेल, किंवा फेल्ट, कापड यांसारखे जाड काही कापायचे असेल, तर हेच बरे. मात्र प्रत्येक आकाराला वेगळी डाय लागते. क्रिकट किंवा सिल्हुएट कॅमिओ या मशीनमध्ये बारीक पाते कॉम्प्युटरवरच्या चित्राच्या फाइलप्रमाणे फिरते, त्यामुळे देवनागरी नावसुद्धा सुबक कापून मिळते.

पण ते घ्यायचे तर सॉफ्टवेअर आधी बघा. २०२१ च्या मार्चमध्ये क्रिकटने जाहीर केले होते की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःच्या २० फाइलच चढवता येतील. ग्राहक खवळले तेव्हा निर्णय मागे घेतला. पैसे मोजून घरी आणलेले मशीनही कंपनीच्या मर्जीवर किती चालते, ते यावरून कळावे.

शंभर डायचा सेट घेऊ नका. त्यातल्या मोजक्याच वापरात येतात, आणि अशा स्वस्त सेटमध्ये पत्र्याची जाडी एकसारखी असेलच असे नाही, मग एक डाय कापते नि दुसरी नुसती ठसा उठवते. दुकानात स्वतःचा कागद घेऊन जा आणि समोर कापून दाखवायला सांगा. दुरुस्ती गोव्यात होते की मशीन मुंबईला पाठवावे लागते, ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासन घेऊन परतू नका.

प्रश्न : माझ्या हाताच्या मशीनवर डायची एक बाजू कापते, दुसरी कापत नाही. हँडल जोर लावून फिरवू का? (डिचोली)

जोर अजिबात लावू नका, त्याने रुळांचा गिअर जातो. पातळ पत्र्याच्या डायसाठी क्रम असा : तळाची फळी, त्यावर प्लेट, मग धार वर करून डाय, त्यावर कागद, सगळ्यांत वर दुसरी प्लेट. एम्बॉसिंग फोल्डरला (कागदावर उठावाची नक्षी उमटवणाऱ्या साच्याला) हाच थर चालत नाही, त्याची जाडी वेगळी असते. मशीनसोबत आलेला तक्ता फेकून दिला असेल तर कंपनीच्या साइटवरून पुन्हा उतरवून घ्या. थर बरोबर असूनही एक कोपरा राहत असेल तर तेवढ्याच भागावर साध्या झेरॉक्स कागदाचा एक तुकडा वाढवा. डाय रुळाला सरळ न लावता थोडी तिरकी ठेवा, म्हणजे लांब धार एकदम रुळाखाली येत नाही. प्लेट्स दर वेळी उलटसुलट वापरा. एकाच बाजूने वापरलेली प्लेट केळ्यासारखी वाकते आणि मग काहीच सरळ कापत नाही. प्लेट ही झिजणारी वस्तू आहे, चरे खोल गेले की बदला. एवढे करूनही हँडल अडत असेल तर मशीन उघडू नका, विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला दाखवा.

प्रश्न : मखरासाठी थर्माकोल या मशीनमध्ये कापता येईल का? (म्हापसा)

नाही. रुळांत तो चेपून जातो. पुढच्या चवथीला पुठ्ठा आणि जाड कागद घ्या.

प्रश्न : पावसात कार्डशीट कापताना कडा फाटतात, बारीक नक्षी तर तुटूनच येते. पाते नवीन आहे. फॉइल कापले की पाते धारदार होते असे ऐकले, ते करू का? (साखळी)

फॉइलच्या बोळ्यात पाते टोचले की त्यावर अडकलेले कागदाचे तंतू निघतात. बोथट पात्याला त्याने धार येत नाही. ही ऐकीव गोष्ट मला दर पावसाळ्यात कोणीतरी सांगते.

तुमच्या बाबतीत पाते नवीन आहे, म्हणजे दोष कागदाचा. दमट कागद मऊ पडतो, पाते त्यातून सरकण्याऐवजी तंतू ओढते. २०० ते ३०० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाची) कार्डशीट घट्ट झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि कापण्याआधी काही तास एसीच्या खोलीत ड्राय मोडवर मोकळी पसरा. इस्त्री फिरवू नका, हेअर ड्रायर लावू नका, कागद वेडावाकडा होतो. पात्याचा दाब वाढवून वेळ मारून नेऊ नका, त्याने मॅट (कापताना कागद धरून ठेवणारी चिकट चटई) चिरते. मॅटची पकड गेली असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन वाऱ्यावर वाळवा. तिच्यावर फेव्हिकॉल लावून चिकट करणारे लोक मी पाहिले आहेत. नंतर कागद मॅटवरून फाटल्याशिवाय सुटत नाही. समुद्राजवळ राहत असाल तर पोलादी डायही कोरड्या ठेवा, खाऱ्या हवेत त्यांच्या धारेवर गंज लवकर चढतो.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला मशीन वापरायला द्यावे का? (वास्को)

एकट्याला नाही. रुळांत बोट जाते. तुम्ही शेजारी बसून हँडल त्याला फिरवू द्या, डाय आणि कागद तुम्ही ठेवा.

प्रश्न : आजीचा ९० वा वाढदिवस डिसेंबरमध्ये आहे, तिच्यासाठी स्क्रॅपबुक करते आहे. तिच्या लग्नाचे १९५० च्या दशकातले कृष्णधवल फोटो आणि पोर्तुगीज काळातला लग्नाचा दाखला घरी आहे. फोटो हृदयाच्या डायने कापून चिकटवावेत आणि दाखला लॅमिनेट करावा असा विचार आहे. मामी म्हणते लॅमिनेशनने कागद कायमचा टिकतो. काही फोटो चिकटपानांच्या अल्बममध्ये आहेत, एक तर फ्रेमच्या काचेलाच चिकटला आहे. (फोंडा)

थांबा. फोटो कापू नका, दाखला लॅमिनेट करू नका, काचेवरचा फोटो सोडवू नका. हे पत्र कापण्याआधी आले याचे मला समाधान आहे. बहुतेक लोक कापून, चिकटवून, बुरशी आल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे फार थोडे उरते.

आधी दाखला. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो. तो पुन्हा सुरक्षित काढता येत नाही, आणि कागदातले आम्ल आतच कोंडून राहते. जुन्या नोंदींवर पुष्कळदा मायफळ आणि हिराकस घालून केलेली शाई असते. ती मुळातच आम्लयुक्त असते आणि ओलाव्यात अक्षरांच्या जागी कागद खाते. तिला उष्णता देणे म्हणजे तिचे काम लवकर उरकून देणे. शिवाय आपल्याकडे हा कागद नुसती आठवण नसतो. गोव्याच्या दिवाणी कायद्यात लग्नाची नोंद मालमत्तेच्या हक्काशी बांधलेली आहे, घरात कधी इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याचे, प्रकरण निघाले तर तो दाखला मागतील. तेव्हा स्क्रॅपबुकसाठी त्याची रंगीत प्रत काढा, नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मागून ठेवा, आणि मूळ कागदाचे काय करायचे ते वकिलाला विचारून ठरवा. शाई कागद खाते आहे असे दिसले तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाऊन विचारा. १५९५ पासूनचा वारसा सांगणारे ते दफ्तर आहे, अशा कागदांशी त्यांचा रोजचा संबंध आहे.

आता फोटो. कृष्णधवल फोटोत जे दिसते ते जिलेटिनच्या थरात बसलेल्या चांदीच्या कणांचे चित्र असते. दमट हवेत जिलेटिन फुगते, मऊ होते आणि ज्याला टेकलेले असेल त्याला चिकटते. तुमच्या काचेवर हेच झाले आहे. तो फोटो पाण्याने, वाफेने, सुरीने सोडवायला गेलात तर आजीचा चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात. काचेसकट त्याचा फोटो काढा आणि फ्रेम फोटो-संवर्धन जाणणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. चिकटपानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, सध्या पानासकट स्कॅन करा. त्या पानांचा गोंद आणि वरचे प्लास्टिक दोन्ही फोटोला मारक आहेत, म्हणून त्यांना बाहेर काढायलाच हवे, पण तेही तज्ज्ञाच्या हाताने. आणि हे पुढच्या पावसावर ढकलू नका. आर्द्रता सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपला पावसाळा किती महिने त्या रेषेच्या वर असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

स्क्रॅपबुक मात्र जरूर करा, फक्त प्रतींचे. प्रत्येक फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, एक फाइल टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात) जपा. मागची बाजूही स्कॅन करा. तिथे तारीख, गावाचे नाव, कोणाच्या तरी हातची सही असते आणि घाईत तीच सुटते. मग चांगल्या लॅबमध्ये किंवा पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर प्रिंट काढा आणि त्या प्रिंटवर हवी ती डाय चालवा, हृदय, पान, झालर, काहीही. चुकले तर दुसरी प्रिंट काढता येते. घरात पोलरॉइड असतील तर तेही कापू नका, त्यांचे थर कडेने बंद केलेले असतात आणि कापले की उघडे पडतात.

'ॲसिड-फ्री' (आम्लविरहित) आणि 'आर्काइव्हल' (दीर्घकाळ जपण्यायोग्य) असे लेबल दाखवून दुप्पट भाव लावतात, त्याविषयीही सांगते. 'आर्काइव्हल' हा शब्द कोणीही कशावरही छापू शकतो. फोटोजवळ ठेवायच्या कागदासाठी विचारायची गोष्ट वेगळी आहे : हा कागद लिग्निनविरहित (कागद पिवळा पाडणारा लाकडातला घटक नसलेला) आहे का, आणि आयएसओ १८९१६ ची फोटो ॲक्टिव्हिटी टेस्ट (कागद फोटोला बाधतो का ते पाहणारी चाचणी) उतरला आहे का? दुकानदार गोंधळला तर तो कागद सजावटीला घ्या, मूळ फोटो त्याच्याजवळ नेऊ नका. पीव्हीसीचे, उग्र वास येणारे कव्हर तर घेऊच नका. मूळ फोटो एकेक करून पॉलिएस्टरच्या किंवा चाचणी झालेल्या कागदाच्या पाकिटात घाला, फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, आणि ते पाकीट बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. कपाटात डांबराच्या गोळ्या टाकू नका. कसर जाईल म्हणून सगळे टाकतात, पण त्या गोळ्यांची वाफ फोटोला आणि प्लास्टिकच्या पाकिटाला बाधते. सिलिका जेल ठेवलेत तर ते भरले की वाळवावे लागते. वर्षभर तशीच पडलेली पुडी काही कामाची नाही.

प्रश्न : फेव्हिकॉल लावला की पान सुरकुतते. (काणकोण)

फेव्हिकॉलमध्ये पाणी असते, म्हणून. मोठ्या तुकड्यांना डबल टेप लावा, बारीक नक्षीला टोकदार नळीच्या बाटलीतून ठिपके द्या आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. साधी सेलोटेप कुठेच नको, ती पिवळी पडते आणि डाग कागदात उतरतो.

प्रश्न : नाताळच्या बाजारात स्टॉल लावून कार्डे आणि भेटपेट्या विकायच्या आहेत. फाइल इंटरनेटवरून फुकट घेतल्या आहेत, काहींवर कार्टूनची पात्रे आहेत. चालेल ना? (पणजी)

फुकट फाइल म्हणजे विकण्याची मुभा नव्हे. पुष्कळ फाइलींवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असे लिहिलेले असते, ते वाचा. विक्रीचा परवाना वेगळा मिळत असेल तर घ्या आणि पावती जपा. प्रसिद्ध कार्टूनची पात्रे विकू नका, मग ती फाइल कुठूनही आलेली असो. 'सगळेच विकतात' हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही. डाय बनवणाऱ्या कंपन्यांचेही विक्रीसाठी वेगळे नियम असतात. स्टॉलची परवानगी पालिकेत विचारा, कराचे करसल्लागाराला, आणि हे ऑर्डर घेण्याआधी. स्वतः काढलेली चित्रे कापलीत तर या प्रश्नांतले निम्मे उरतच नाहीत. चर्चची कमान, तुळशीवृंदावन, माटोळीची (चवथीला गणपतीवर टांगायच्या चौकटीची) फळे कोणाच्याही परवानगीशिवाय काढता येतात.

प्रश्न : रोज हँडल फिरवून मनगट दुखते. कोणते मलम लावू? (पेडणे)

मलम मी सांगणार नाही. काम थांबवा, डॉक्टरांना दाखवा. पुन्हा सुरू करायची परवानगी मिळाली की मशीन टेबलाच्या कडेला घट्ट बसवा आणि खांद्यातून फिरवा.

प्रश्न : नाताळचा कागदी तारा डायने कापून, आत दिवा लावून गॅलरीत टांगायचा आहे. घडीवर कागद फुटतो. (पर्वरी)

घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घाला. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती दिशा. पाचही टोकांच्या मुख्य घड्या शक्य तितक्या तिकडे येतील अशी मांडणी करा, घडीची रेघ आधी बोथट टोकाने दाबून घ्या आणि मग वळवा. १८० जीएसएमचा कागद पुरे, त्याहून जाड घेतलात तर प्रकाशही येणार नाही. आत फक्त कमी वॅटचा एलईडी लावा, जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नकोच. गॅलरीत पाणी आणि दव येते, तेव्हा वायर आणि होल्डर टांगण्याआधी वायरमनकडून तपासून घ्या.