बाईकच्या पुढच्या चेन-स्प्रॉकेटमागचं ऑइल सील बदलताना

भावा, स्प्रॉकेट म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि सील म्हणजे त्याच्या शाफ्टभोवती इंजिनचं ऑइल अडवणारी रबरी रिंग. आधी खरंच सील गेलंय का ते बघ. चेनला मारलेलं ऑइल उडूनबी तिथं तसंच काळं साचतं, म्हणून कव्हर काढून सगळा राडा डिझेलनं धुवायचा, फडक्यानं कोरडं करायचं, गगनबावड्याकडं एक चक्कर मारून यायची आणि मग शाफ्टच्या कडेनं ताजं ऑइल येतंय का बघायचं.

येत असंल तर नवीन सील आणण्याआधी शाफ्ट हातानं वर-खाली हलवून बघ, कारण बेअरिंग ढिलं असलं तर नवीन सीलबी महिन्याभरात गळणार. ऑइल काढून घे. स्प्रॉकेट काढल्यावर जुनं सील स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नकोस, हात जोडतो, केसिंगला ओरखडा पडला की तिथनंच गळत बसतं. सीलच्या पत्र्यात बारीक स्क्रू थोडासाच पिळायचा आणि पक्कडीनं सरळ ओढायचं. काही इंजिनात सील आतनं बसवलेलं असतं, तिथं इंजिनचं केसिंगच उघडावं लागतं, ते काम मिस्त्रीला दे.

माप सीलवरच छापलेलं असतं, आतलं, बाहेरचं, जाडी, तरी नवीन आणायला जुनं सील घेऊनच कोल्हापूरच्या उद्यमनगरात जा. बसवताना स्प्रिंगची बाजू आत, सीलच्या ओठाला, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या रबरी कडेला, इंजिन ऑइल लाव, शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळ नायतर ओठ फाटतो. मग सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट ठेवून हळूहळू, सगळीकडनं सारखं ठोक, तिरकं जायला लागलं की लगेच थांब.