डॉन रोझा वाचण्यापूर्वी
डिस्नेच्या बदकांच्या चित्रकथा (कॉमिक्स) वाचायला आपण चित्रकथाकार डॉन रोझा यांच्यापासून सुरुवात करणार आहात हे वाचून आनंद झाला, तरी आधी त्यांच्या पूर्वीचे चित्रकथाकार कार्ल बार्क्स यांची १९५३ सालची क्लोंडाइकची (कॅनडातील सोन्यासाठी प्रसिद्ध प्रदेशाची) कथा वाचावी आणि मगच रोझांनी १९८८ मध्ये तिला जोडलेली कथा हाती घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. बार्क्स यांनी डोनाल्ड डकचा धनाढ्य मामा स्क्रूज मॅकडक याच्या पूर्वायुष्याविषयी जे उल्लेख ओघात करून सोडून दिले होते, ते रोझांनी एकेक वेचून त्यांतून १९९२ ते १९९४ या काळात त्याचे सलग बारा प्रकरणांचे चरित्र उभे केले. इतक्या निष्ठेने केलेले वाचन मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे.

चित्रांत मात्र ही नक्कल नव्हे. बार्क्स यांची रेषा मोकळी आणि वाहती आहे, तर स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या रोझांची चौकट बारीक रेघांनी आणि तपशिलांनी गच्च भरलेली असते, म्हणून ती सावकाश पाहावी. बहुतेक कथांच्या पहिल्या चौकटीत त्यांनी बार्क्स यांना केलेल्या अर्पणाची डी, यू, सी, के ही आद्याक्षरे दडवलेली असतात, तीही अवश्य शोधावीत.