उपजिल्हाधिकारी होऊन पुढे न्यायाधीश होता येईल का?

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षात आहे आणि तिला न्यायाधीश व्हायचे आहे. आपले म्हणणे असे, की तिने आधी राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी व्हावे, न्यायखात्याकडे पुढे वळता येईलच. आणि त्यासाठी आपण बांगलादेशचे माजी सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांचा दाखला दिला आहे. दाखला खरा आहे, पण ती वाट आता राहिलेली नाही.

ढाका विद्यापीठात अर्थशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेले शहाबुद्दीन 1954 मध्ये पाकिस्तानच्या सनदी सेवेत आले, आपल्याकडील प्रांताधिकाऱ्याच्या तोडीच्या पदांवर राहिले आणि 1960 मध्ये न्यायशाखेत गेले. सनदी अधिकाऱ्यालाच जिल्हा न्यायाधीश करण्याची इंग्रजी अमदानीतली पद्धत तेथे तेव्हा चालू होती. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 50 ने न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवण्यास सांगितले आहे, आणि उपजिल्हाधिकाऱ्याची न्यायाधीशपदी बदली होत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या, म्हणजे न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीच्या, परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. पगारी नोकरी धरताच वकिलीची सनद स्थगित करून घ्यावी लागते, म्हणजे महसूल खात्यातली वर्षे या अटीत धरली जाणार नाहीत. आधी ते आणि मग हे, असा क्रम लावला तर तिला चांगली नोकरी सोडून पुन्हा ज्युनिअर वकील म्हणून उभे राहावे लागेल, आणि तसे करणारे फार थोडे असतात.

‘न्यायाधीश झाला तर माणूस राष्ट्रप्रमुखपदापर्यंतही पोहोचतो’ हे आपले वाक्य मात्र मला खटकले. डिसेंबर 1990 मध्ये जनआंदोलनापुढे लष्करशहा इर्शाद यांना पायउतार व्हावे लागले, तेव्हा एकमेकांवर विश्वास नसलेल्या विरोधी आघाड्यांचे शहाबुद्दीन यांच्या नावावर एकमत झाले. 6 डिसेंबरला उपराष्ट्रपतींनी राजीनामा दिला, त्या जागी सरन्यायाधीशांची नेमणूक झाली, आणि त्यानंतर इर्शाद यांनी आपला राजीनामा त्यांच्याच हाती दिल्यामुळे ते घटनेच्या चौकटीत राहून हंगामी राष्ट्रपती झाले. काम संपल्यावर आपल्याला सरन्यायाधीशपदावर परत जाता आले पाहिजे, ही त्यांची अट होती. फेब्रुवारी 1991 मध्ये निवडणूक झाली, आणि नव्या संसदेने ऑगस्टमध्ये अकरावी घटनादुरुस्ती केली ती त्यांची नेमणूक वैध ठरवून त्यांना परतीचा मार्ग मोकळा करण्यासाठीच. ऑक्टोबरमध्ये ते न्यायालयात परतले आणि 1995 मध्ये तेथूनच निवृत्त झाले. पुढे 1996 मध्ये ते राष्ट्रपती झाले हे खरे, पण ते निवृत्तीनंतर आणि बहुतांशी शोभेच्या पदावर.

आघाड्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला तो तीन दशकांच्या न्यायदानामुळे. 1989 मध्ये उच्च न्यायालयाची ढाक्याबाहेर विभागणी करणारी तरतूद बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, त्या बहुमतात ते होते. घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, हा त्या निकालाचा आधार आपल्या 1973 च्या केशवानंद भारती खटल्याशी जुळणारा आहे. मुलीला तो निकाल अवश्य वाचायला सांगा. परीक्षेलाही उपयोगी पडेल.

तेव्हा पदवी मिळताच तिने तात्पुरती सनद घ्यावी, कारण तीन वर्षे त्या दिवसापासून मोजली जातात. एखाद्या तालुका न्यायालयात दिवाणी कामे चालवणाऱ्या ज्येष्ठ वकिलांकडे ती राहिली, तर दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) आणि उलटतपासणी हे सारे तिला रोज पाहता येईल. वकिलीच्या अनुभवाचा दाखला दहा वर्षे सनद असलेल्या वकिलांकडून घेऊन त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन (दुजोऱ्याची सही) करून घ्यावे लागते, म्हणून कोणाकडे राहायचे हे पाचव्या वर्षातच ठरवावे. त्या तीन वर्षांत घरून खर्चाची थोडी मदत लागेल. ज्युनिअरला सुरुवातीला मिळणारी रक्कम जाण्यायेण्यालाही क्वचितच पुरते.