क्रूझ मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर एकच दिवस थांबते: स्नॉर्केलिंग करावं की तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष पाहावेत?

पाण्यात उतरायची भीती नसेल तर स्नॉर्केलिंगच करा, म्हणजे तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगून खालचं जग पाहा. जहाज लागतं बेटावर, तुलुम आहे समोरच्या मुख्य भूमीवर. आधी फेरीबोटीने साधारण पाऊण तास प्लाया देल कार्मेन, तिथून रस्त्याने आणखी तासभर, आणि संध्याकाळी हीच उलटी वरात. हातात उरतात जेमतेम दीड-दोन तास, तेही भर उन्हात. समुद्रकड्यावरचा एल कास्तियो, तिथली मुख्य वास्तू, देखणा आहेच, पण त्यावर चढू देत नाहीत. उलट प्रवाळ कोझुमेलच्या दारातच आहेत. पालांकार, कोलंबिया या इथल्या प्रवाळ भागांत बोट तुम्हाला प्रवाहाच्या वरच्या बाजूला सोडते आणि पुढे उचलून घेते. फारसे हातपाय मारावे लागत नाहीत, पॅरटफिश प्रवाळ कुरतडताना दिसतात, नशीब असेल तर कासवही. एल सिएलोच्या उथळ वाळूत तारामासे असतात. फोटोसाठी ते पाण्याबाहेर काढू नका, मरतात. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा स्विमशर्ट घाला, प्रवाळांनाही बरं.

एक अट: हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की लहान बोटींना बंदर बंद करतात. तसं झालं तर तुलुमचा हट्ट न धरता टॅक्सीने बेटावरच्याच सान हेर्वासियोला जा. इश्चेल देवीचं हे माया तीर्थस्थान तुलुमइतकं भव्य नाही, पण गर्दी कमी आणि जहाज चुकण्याची धास्तीही कमी. घड्याळ मात्र जहाजाच्याच वेळेवर ठेवा. बेटावरची वेळ कधीकधी तासाने वेगळी असते.